राजा, वजीर, चोर, शिपाई

अंबरनाथला आमच्या लहानपणी पावसाळ्यात शाळेला सुट्टी मिळायला फारसं निमित्त लागत नसे. रुळांवर पाणी चढलं की गाड्या बंद, आणि गाड्या बंद म्हणजे कल्याण-डोंबिवलीहून येणारे मास्तर बंद. मग चाळीच्या व्हरांड्यात आम्ही सात-आठ पोरं बसायचो. माझे वडील काड्यापेटीच्या कारखान्यात, विम्कोत होते. त्यामुळे घरात कशाचाही तुटवडा पडला तरी रिकाम्या काड्यापेट्यांचा कधी पडला नाही. त्या फाडून आतल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं चार चिठ्ठ्या लिहायच्या : राजा, वजीर, चोर, शिपाई. राजाला हजार गुण, वजिराला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला भोपळा.

एकदा पलीकडच्या आळीतली पोरं खेळायला आली. त्यांच्या चिठ्ठ्यांवर 'वजीर' नव्हताच, होता 'प्रधान'. झालं, भांडण जुंपलं. 'वजीर तुमच्यात असतो, आमच्यात प्रधान असतो,' असं त्यांच्यातला एक म्हणाला. त्यात काही विखार नव्हता, दहा वर्षांच्या पोराचं बोलणं ते. पण 'तुमच्यात' हा शब्द मला तेव्हाही जरा टोचला. आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "अरे, राजा एकच आहे ना? मग दरबारात वजीर म्हणत असतील आणि घरी प्रधान म्हणत असतील. खेळा." आम्ही खेळलो. त्या दिवसापासून आमच्या संचात कधी वजीर, कधी प्रधान. पाच-सहा वर्षांच्या लिंबूटिंबूंनाही दोन्ही शब्द ठाऊक झाले, कुणी अर्थ न सांगता.

पुढे उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. करताना 'राज्यव्यवहारकोशा'ची ओळख झाली. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेला हा कोश. दरबारात रुळलेल्या सुमारे चौदाशे शब्दांना, ज्यांत फारसी-अरबीच अधिक, त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. नव्या राजाला आपली राजभाषा हवीशी वाटावी हे अगदी योग्यच होतं. पण वर्गात बसून मी मनात हसत होतो. तीनशे वर्षांनंतर अंबरनाथच्या दोन आळ्यांत तोच प्रश्न काड्यापेटीच्या पुठ्ठ्यावर उभा राहिला होता, आणि 'शिपाई' या फारसी शब्दाबद्दल मात्र दोन्ही आळ्यांची एकही तक्रार नव्हती.

मंडळी, मातृभाषेचे शब्द मूल आधी आईकडून आणि मग शाळेकडून शिकतं, असं आपण धरून चालतो. या दोहोंच्या मधे एक तिसरी शाळा होती, तिच्याविषयी मला बोलायचं आहे. तिला फी नव्हती, हजेरी नव्हती. तिचा इतिहासही कुणी नीट लिहिलेला नाही, कारण पोरांच्या खेळाचं दप्तर कोण ठेवणार?

तरी खुणा सापडतात. एकनाथ महाराजांनी भारुडांत आणि तुकोबांनी अभंगांत पोरांचे खेळ घेतले आहेत. तुकोबांच्या गाथेत हुतुतू, हमामा, टिपरी, फुगडी, विटीदांडू अशी खेळांची मोठी जत्राच भरलेली दिसते. संतांना परमार्थ सांगायचा होता हे खरं. पण सांगायला त्यांनी खेळाची परिभाषा निवडली, ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती म्हणूनच ना?

विटीदांडूचं तर वेगळंच. दांडूनं अंतर मोजताना आम्ही मोजायचो : वकट, लेंड, मूंड, नाल... याचा अर्थ काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या वर्गात एक तेलुगू मुलगा होता, त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. त्या कारखान्यामुळे अंबरनाथला साऱ्या देशाची माणसं येऊन राहिलेली. तो पहिल्यांदा आमच्यात खेळायला आला आणि मोजणी ऐकून पोट धरून हसत सुटला. "अरे, तुम्ही आमच्या भाषेत मोजताय!" तेलुगूत एक-दोन-तीन-चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. भाषेच्या अभ्यासकांनी हे नातं कधीच दाखवून दिलं आहे, पण आम्हांला ते मैदानात कळलं. महाराष्ट्र आणि दक्षिण यांचं किती जुनं येणंजाणं त्या चार अंकांत साठलं होतं! अर्थ विसरला गेला, मोजणी विसरली गेली नाही. कारण डाव चालायचा तर ती लागायचीच.

हे 'लागणं' महत्त्वाचं. पाठांतराच्याही परंपरा होत्या. संस्कृत पाठशाळेत मुलं अमरकोश घोकत. माझे आजोबा मक्तबात 'खालिक बारी' घोकत असत. फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे हिंदवी अर्थ यमकांत गुंफलेला हा छोटासा पद्यकोश. परंपरेनं तो अमीर खुसरोच्या नावावर आहे. अभ्यासकांना ते मान्य नाही, ते त्याला बराच नंतरचा मानतात. ते काहीही असो, म्हातारपणी आजोबांना घरातल्या माणसांची नावं आठवत नसत, पण खालिक बारी धडाधड आठवे. मी कवी झालो त्यात त्या यमकांचा हात असावा. पण पाठांतरात शब्द तोंडात बसतो. तो वापरायला मात्र कारण लागतं, आणि ते कारण खेळ देतो.

'चिमणी उड, कावळा उड' घ्या. वरवर किती सोपा खेळ! पण 'म्हैस उड'ला ज्याचं बोट वर गेलं तो बाद. शब्द कानावर पडल्यापासून बोट उचलेपर्यंतच्या क्षणात मुलाला अर्थ कळलाच पाहिजे. याहून चोख परीक्षा कुठली? आणि नापास झालं तरी हसू, छडी नाही.

किंवा 'नाव-गाव-फळ-फूल' घ्या. एक अक्षर काढायचं आणि त्यावरून सगळं लिहायचं. दोघांचं उत्तर एकच आलं तर पाच-पाच गुण, एकट्याचंच असेल तर दहा. हा नियम ज्या कुणी अनाम पोरानं काढला असेल त्याला मी शिक्षणशास्त्रज्ञ मानतो. कारण त्या पाच गुणांच्या फरकामुळे सगळी पोरं नेहमीचा शब्द टाळून आडवाटेचा शब्द शोधायला लागतात. 'क'ला केळं सगळेच लिहितील, म्हणून कुणी कवठ लिहितो, कुणी कोकम. एकदा 'त' आलं. आम्ही सगळे ताडगोळ्यावर अडलेलो, आणि बदलापूरहून मामाकडे आलेल्या एका मुलीनं लिहिलं 'तोरण'. आम्ही ओरडलो, 'तोरण दाराला असतं!' प्रकरण नानीकडे गेलं. नानी म्हणाली, "असतं ना. पांढरं, टपोरं, रानातलं. उन्हाळ्यात ठाकरणी आणतात." मुलीला दहा गुण मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात पांढरी फळं विकायला बसलेली बाई दिसली, तेव्हा मी आईचा हात सोडून धावलो होतो. शब्द आधी भेटला, फळ नंतर.

आमच्या घरची बोली कोकणी मुसलमानांची, म्हणजे मराठीच. तरीही अजून मला लोक विचारतात, 'तुमची मातृभाषा उर्दू ना? मग मराठीत कसं काय लिहिता?' पूर्वी मी इतिहास सांगत बसायचो. हल्ली ही तोरणाची गोष्ट सांगतो.

आता रूळ ओलांडून उल्हासनगरला जाऊ. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ सैनिकांसाठी तात्पुरती छावणी बांधली होती. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं तिथे आणून ठेवली गेली. थोडीथोडकी नाही, लाखाच्या घरात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना तिथली माणसं कॅम्प नंबर एक ते पाच असंच सांगतात. शहर झालं, महानगरपालिका झाली, पण पत्त्यातली छावणी काही उठली नाही.

कॅम्प नंबर पाच अंबरनाथला खेटून. तिथला एक सिंधी मुलगा माझा मित्र. तो आम्हांला एक पैज लावायचा. मांजराला सिंधीत 'ॿिली' म्हणतात. त्यातला 'ॿ' आपला 'ब' नव्हे; श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढून तो काढायचा. सिंधीत असे चार वर्ण आहेत, आणि देवनागरीत लिहिताना ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ देऊन ते दाखवतात. आम्ही एकामागून एक 'बिली, बिली' करायचो आणि गोट्या हरायचो. सबंध चाळीत तो वर्ण फक्त माझ्या धाकट्या बहिणीला जमला, कारण ती तेव्हा चार वर्षांची होती.

त्याच्या बराकीत मी रात्री थांबलो आहे. दिवे गेले की त्याची दादी कोडी घालायची. कोड्याला सिंधीत 'पिरोली' म्हणतात. त्यांच्या घरचा नियम असा, की उत्तर आलं नाही तर दादीला एक गाव द्यायचं. मग अंधारातून आवाज येई : 'शिकारपूर दिलं', 'सक्खर दिलं', 'लाडकाणा दिलं'. नातवंडांपैकी कुणीही ती गावं पाहिलेली नव्हती, पुढे पाहण्याची शक्यताही नव्हती. पण हरून हरून सिंधचा सगळा नकाशा त्यांना पाठ झाला होता. तेव्हा मला ती गंमत वाटायची. दादी ती गावं घेऊन गप्प का बसायची, हे समजायला माझं वय व्हावं लागलं.

सिंधी भाषेवर नंतर जे गुदरलं ते आपण मराठी माणसांनी नीट समजून घ्यायला हवं. तिच्यामागे राज्य नव्हतं. १८५३ साली इंग्रजांनी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरवून दिली होती, तीच पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. भारतात आल्यावर ही लिपी ठेवायची की देवनागरी घ्यायची, यावर वाद पेटला. सरकारनं १९५० मध्ये देवनागरी ठरवली आणि लगेच पुढच्या वर्षी दोन्ही लिप्यांना मान्यता दिली. १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीचा समावेश झाला; उल्हासनगरात पेढे वाटले गेल्याचं मित्राचे वडील सांगायचे. पण मान्यता मिळेपर्यंत मुलं हिंदी-इंग्रजी शाळांत गेलेली होती. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओसरल्या. माझा मित्र घरी सिंधी बोलतो, पण वडिलांनी लिहिलेल्या चोपड्या त्याला वाचता येत नाहीत. त्याच्या मुलांना बोललेलं समजतं. नातवाला तेही नाही.

तिकडे सिंधमध्ये नबी बख्श बलोच या विद्वानानं सिंधी लोकसाहित्याचे चाळीसच्या आसपास खंड संपादित केले, त्यांत कोडीही आहेत. म्हणजे पिरोल्या कपाटात सुखरूप आहेत. मित्राला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "यार, पुस्तकाला गाव देऊन काय करू?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो. उत्तराच्या शोधात आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आलो. तेव्हा अनुताई वाघ हयात नव्हत्या. १९९२ मध्ये त्या गेल्या.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत असताना, १९२६ साली, नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. तिथवर बालशिक्षण हे शहाण्यासुरत्या मध्यमवर्गाचं काम होतं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि बालविधवा असलेल्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांत काम सुरू झालं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच मुलांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. मोठी मुलं गुरांमागे रानात असत, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली.

मारिया माँटेसोरींची साधनं महागडी, लाकडाची, मापात बेतलेली. (त्या बाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच अडकल्या. ज्या युद्धानं उल्हासनगरच्या बराकी बांधल्या, त्याच युद्धानं त्यांना इथे थांबवून ठेवलं.) बोर्डी-कोसबाडला ती साधनं परवडणार कशी? मग शिंपले आले, बिया आल्या, खडे, पानं, फुलं आली. त्यामागची रीत मात्र माँटेसोरींची राहिली, आणि ती तीन पायऱ्यांची आहे. आधी वस्तू मुलाच्या हातात देऊन तिचं नाव सांगायचं. मग 'अमुक कुठलं ते दाखव' म्हणायचं. हे दोन्ही झाल्यावरच 'हे काय आहे?' विचारायचं. आपण मोठी माणसं नेमकी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. पाहुणे आले की मुलाला पुढे ढकलून विचारतो, 'बाळा, याला काय म्हणतात?' 'चिमणी उड'वाल्या पोरांना मात्र ही दुसरी पायरी कुणी न शिकवता ठाऊक होती.

वारली मुलाच्या हातात त्याच्या रानातली बी पडे. तिचं नाव त्याला आधीच येत असे, बाईंनाच ते शिकावं लागे. मला वाटतं, मातृभाषा शिकवण्यातला खरा कठीण भाग हा आहे. तिथे मास्तरांनाही कधी कधी चोराची चिठ्ठी यावी लागते.

कोसबाडहून परतल्यावर माझ्या अंगात जोर आला. माझी मुलगी बदलापूरला राहते. हे गाव २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळ गेलं. मुलीचा सातमजली इमला जिथे उभा आहे तिथे भाताची खाचरं मी पाहिलेली आहेत. नात इंग्रजी शाळेत जाते. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे तिला मराठीचं पुस्तक आहे, परीक्षाही आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याबद्दल तिनं शाळेत पाच ओळी लिहिल्या. खाली पार्किंगमध्ये पोरं खेळतात ती मात्र हिंदीत, आणि हरल्यावर भांडतात इंग्रजीत.

तर मी एका रविवारी त्या पार्किंगमध्ये खेळ मांडला. इथल्याच मातीतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले : राब, आवण, खाचर, लोंबी, उडवी, कणगी. एकानं चिठ्ठी उचलायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बरोबर उत्तराला गुण. खेळ साफ पडला. दहा मिनिटांत पोरं पेंगुळली. एकानं विचारलं, "काका, हे टेस्टला आहे का?" मी नाव खेळाचं दिलं होतं आणि घेत होतो तोंडी परीक्षा. बाजारात मुलांच्या शब्दसंपत्तीसाठी मिळणारे बरेचसे खेळ, पत्ते, मोबाइलवरची रंगीत चित्रं यांतही मला हीच खोट दिसते. त्यांत शब्द आला नाही तर डाव काही अडत नाही.

पुढच्या रविवारी मी चिठ्ठ्या घरीच ठेवल्या. इमारतीत झाडलोट करायला जवळच्या पाड्यावरच्या एक आगरी आजी येतात. त्यांना म्हटलं, 'आजी, या पोरांना कोडी घाला.' त्या आधी लाजल्या, मग पदर खोचून बसल्या. कोडी त्यांच्या माहेरची होती. मी त्यात माझं एक घातलं : 'पायाशी पाणी, माथ्यावर सोनं, वारा आला की सलाम करतं कोण?' पोरांनी उत्तरं दिली, 'स्विमर', 'किंग'. हरले. नियम उल्हासनगरच्या दादीचा लावला होता, हरलं की आजींना एक गाव द्यायचं. एकानं दुबई दिली, एकीनं पुणे दिलं. आजींनी दोन्ही घेतली आणि विचारलं, "दुबयला भात व्हतो का रं?" तिथून भात आला, भाताची लोंबी आली, आणि 'याच पार्किंगच्या जागी आमची खाचरं व्हती' हेही आलं. पोरं एकदम गप्प झाली. मग एका मुलानं खालच्या फरशीकडे बोट दाखवून विचारलं, "इथे? एग्झॅक्ट इथे?"

आता महिन्यातून दोन रविवार आम्ही बसतो. दर वेळी रंगतंच असं नाही. मागच्या वेळी क्रिकेटचा सामना होता, चारच पोरं आली. उल्हासनगरचा मित्र एकदा नातवाला घेऊन आला होता. त्याच्या नातवाला 'ॿिली' म्हणता येईना, माझ्या नातीला आलं. मित्राला आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

परवा नातीनं हट्ट धरला, 'नाना, तुमच्या लहानपणीचा गेम.' काड्यापेटी काही घरात मिळाली नाही, गॅस लायटरनं पेटतो. विम्कोचा कारखानाही आता अंबरनाथला नाही, नाक्याला तेवढं त्याचं नाव राहिलंय. बिस्किटाचा पुडा फाडला. मी सांगितलं तशी तिनं अक्षरं लावत लावत चिठ्ठ्या लिहिल्या. तिसऱ्या चिठ्ठीवर पेन्सिल थांबली. ती बुद्धिबळ शिकायला जाते.

"नाना, वजीर म्हणजे क्वीनच ना?"

मी हो म्हणालो आणि चिठ्ठ्या फेकल्या. राजा तिला आला, मला चोर.